पॅरिसमधलं रोजचं राहणं, कपडे आणि आईच्या महेश्वरी

सुदामानगरी

नमस्कार मंडळी. माहेर-सासर दोन्ही इंदुरात, नवऱ्याच्या नोकरीपायी सध्या मुक्काम पॅरिसला. नातेवाईक फोनवर इथल्या फॅशनबद्दल विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे एकतर रॅम्पवरच्या मॉडेल असतात, नाहीतर सेंटच्या बाटल्या. सकाळच्या मेट्रोत बघाल तर बहुतेक बायका काळ्या, करड्या नाहीतर गडद निळ्या कोटात. रंगात काही नाही, पण कोट खांद्यावर असा बसलेला असतो की शिलाईला दाद द्यावी. गळ्यात एक स्कार्फ, पायात सपाट बूट. उंच टाचा कमीच दिसतात. दगडी रस्ते आणि मेट्रोचे जिने रोज तुडवायचे तर कोण घालणार?

धागा दोन गोष्टींसाठी काढतेय. माझ्याकडे आईच्या काही महेश्वरी साड्या आहेत. नेसायला मिळतात त्या दिवाळीच्या कार्यक्रमाला, एरवी बॅगेत पडून. त्यातली एक अंजिरी आहे, तिचा पदर घडीवर विरलाय, काठ मात्र ठणठणीत. तिचं जॅकेट शिवून कोटाच्या आत रोज घालावं असं डोक्यात आहे, पण कात्री लावायचा धीर होत नाही. जाणकारांनी सांगावं. आणि दुसरं, जे कोणी बाहेरदेशी मोठ्या शहरात राहिलेत त्यांनी तिथली रोजची सुखं लिहावी. टूरवाल्यांच्या यादीतली नकोत.

माझ्यापासून सुरुवात करते. लक्झेंबर्ग बागेत हिरव्या लोखंडी खुर्च्या असतात, जमिनीला न ठोकलेल्या, मोकळ्या. हा नमुना १९२३ चा. १९७४ पर्यंत खुर्चीचे पैसे पडायचे, ते गोळा करायला बायका फिरायच्या, आता फुकट. कुठलीही उचला, सावलीत न्या, उन्हात न्या, एकीवर बसा, दुसरीवर पाय टाका. पाठ जरा मागे कललेली, त्यामुळे माणूस आपोआप घाई सोडतो. माझ्या मते या शहरातलं सगळ्यात चांगलं डिझाइन ते हेच. शोरूममधलं काहीही त्याच्यापुढे नाही.

आणि पाव. बेकरीत नुसतं ‘बागेत’ (इथला लांबट पाव) न म्हणता ‘त्रादिसियों’ मागायचा. १९९३ च्या सरकारी नियमाप्रमाणे त्यात पीठ, पाणी, मीठ, खमीर एवढंच मुख्य, वरून रसायनं नाहीत, आणि कणीक गोठवायची नाही. घरी पोचेपर्यंत टोक खाल्लेलं असतं. सगळ्यांचंच.

जिरावन

ताई, पावाचं टोक ठीक आहे. पण पोहे मिळून राहिले का तिकडे?

सुदामानगरी

मिळतात हो. गार द्यू नॉर स्टेशनच्या मागे ला शापेल म्हणून भाग आहे, श्रीलंकेच्या तमिळ लोकांचा. कढीपत्ता, नारळ, पोहे, सगळं तिथे. शेव आणि पोह्यांवर भुरभुरायचं जिरावन मात्र इंदुरातूनच येतं, त्यावर तडजोड नाही.

तिथलंच एक सुख सांगायचं राहिलं. १९८५ पासून तिथे माणिक्क विनायकाचं देऊळ आहे. उन्हाळा संपता संपता त्याचा रथ निघतो. रस्त्यात नारळांच्या राशी लावून फोडतात, कापराचा वास, नादस्वरम, आणि कडेला फ्रेंच पोलीस. त्या दिवशी मी साडी नेसून मेट्रोने जाते, कोणी वळूनसुद्धा बघत नाही.

शिवणटीप

इंदुरात लोकमान्यनगरला माझं शिवणाचं काम आहे, महेश्वरीची जॅकेटं बरीच केली आहेत. तेव्हा जरा सविस्तर.

आधी कापड काय आहे ते बघा. फार जुनी असेल तर नुसती सुती असू शकते. अलीकडच्या बहुतेक महेश्वरींचा ताणा (उभा धागा) रेशमाचा, बाणा (आडवा) सुताचा. काठाच्या आतल्या बाजूने एक-एक धागा काढून जाळून बघा. केस जळल्याचा वास आला तर रेशीम, कागदाचा आला तर सूत. असं मिश्र कापड नेसायला हलकं, पण शिवायला लबाड. घट्ट शिवलंत तर टाका तुटत नाही, शिवणीपाशी धागेच सरकतात आणि जाळी पडते. बगल आणि पाठ या दोन जागा हमखास.

म्हणून अंगासरशी कोट शिवायला जाऊ नका. अंगरख्याच्या जातीचं सैल, सरळ शिवणींचं जॅकेट करा, बगलेत चौकोनी तुकडा म्हणजे चौबगला घाला, हात वर केला की ताण तिथे जिरतो. शिवणीबाहेरची माया पाऊण इंच तरी ठेवा. सुई बारीक, टाका बारीक. कडकपणासाठी घालतात ते बकरम आणि चिकटवायचं फ्युजिंग दोन्ही टाळा, महेश्वरीचा पडता झोक त्याने मरतो आणि पुठ्ठा अंगावर घातल्यासारखं दिसतं. त्याऐवजी साडीच्या कापडाखाली धुऊन आटवलेली मलमल लावायची आणि दोन्ही मिळून गोधडीला घालतो तसे धावदोरे घालायचे, बोटभर अंतराने. मग ताण मलमल घेते, साडी नुसती मिरवते. विरलेला भाग पण असाच वाचतो, आणि धावदोरा अंजिरीवर किंचित फिका घेतलात तर तोच नक्षी होतो.

काठाचं आधी ठरवा, कापायचं नंतर. महेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्याचा फायदा घ्या. समोरच्या पट्टीला एक काठ उभा, दुसरा बाहीच्या टोकाला. बाही दुमडली तरी उलटी बाजू दिसत नाही, कारण उलटी बाजूच नाही. पदरावरच्या पट्ट्यांचा भाग चांगला निघाला तर पाठीवर खांद्याखाली आडवा लावा. जरीवर गरम इस्त्री थेट फिरवू नका, आणि गळ्याला जरीची कड आत येऊ देऊ नका, टोचते.

आता तुमचा खरा प्रश्न, कात्री लावावी का. चांगल्या साडीला नाही. विरलेलीला लावा. पेटीत राहून ती घडीवर आणखी तुटेल आणि मग कशाचीच राहणार नाही.

रामबागकर

सूनबाई, बाकी सगळं पटलं, पण आईच्या साडीला कात्री म्हणजे माझ्या पिढीला जरा जडच जातं. आमच्याकडे जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, दुपटं व्हायचं, हे खरं. म्हणजे कात्री लागायचीच. तरी पण.

असो. तुम्ही पॅरिसमध्ये बसून इंदूरकरांना डिझाइन विचारता आहात, तर एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या माणिकबाग महालात एकेकाळी तुमचं पॅरिसच येऊन राहिलं होतं. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे, जन्म १९०८ चा. ऑक्सफर्डला असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराशी गाठ पडली, तो त्यांच्याहून चारच वर्षांनी मोठा. दोघेही विशीतले. त्याच्याकडून महाराजांनी १९३० ते ३३ या काळात माणिकबाग बांधून घेतली. ना कमानी, ना घुमट, ना सोनेरी वेलबुट्टी. आणि आत? सगळं त्या काळच्या नामी डिझायनरांचं: रूलमानचं टेबल, आयलीन ग्रेची खुर्ची, ल कॉर्बूझिए आणि शार्लोत पेरियां यांची आरामखुर्ची, दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे, प्युइफोर्काची चांदीची भांडी. मुथेसियसने स्वतः केलेल्या लाल खुर्च्यांना तर डोक्याशी वाचायचे दिवे बसवलेले होते. खुर्चीत टेकायचं, पुस्तक उघडायचं, उजेड थेट पानावर. तुमच्या त्या बागेतल्या खुर्चीचंच तत्त्व, बसणाऱ्याचा विचार आधी.

आज तिथे केंद्राच्या कस्टम-जीएसटीचं कार्यालय आहे. इंदूरचे अर्धे सीए त्या व्हरांड्यातून फाइल काखेत मारून फिरले असतील आणि आपण कुठे उभे आहोत याचा त्यांना पत्ता नसेल.

नर्मदे_हर

काका, मी त्याच सीएंपैकी. पत्ता आहे. पण तारीख पडलेली असताना भिंतीकडे कोण बघतो.

टेम्सकाठी

लंडनहून, मूळ इंदूरचं स्नेहलतागंज. सुखं नंतर लिहितो, आधी एक खटकलं ते. काळ्या-करड्या कोटाचं एवढं कौतुक कशाला? मला तर तो भित्रेपणा वाटतो. आपली माणसं बाहेर गेली की पहिल्या हिवाळ्यात काळा कोट घेतात आणि मग रंग सोडून देतात ते कायमचे. कोटाच्या आत महेश्वरी घालणार म्हणजे कोणाला दिसणार? घालायचीच तर वरून घाला. पोपटी साडीवर ओव्हरकोट घालून ऑफिसला जाणाऱ्या एक मावशी आमच्या लाइनला असतात, त्यांच्यामुळे डब्याला शोभा येते.

आता सुख. भुयारी रेल्वेच्या सीटचं कापड! लोकरीच्या मिश्रणाचं, जाड, त्याला मोकेट म्हणतात, आणि नक्षी लाइनीप्रमाणे बदलते. १९३० च्या दशकात एनिड मार्क्ससारख्या कलाकारांकडून ही कापडं काढून घेतली होती. अलीकडच्या एका नमुन्यात नीट पाहिलं तर लंडन आय, बिग बेन, टॉवर ब्रिज आणि सेंट पॉल दडलेत. मुलाला शोधायला लावतो, प्रवास सरतो. स्टेशनवरची अक्षरं पण तशीच, एडवर्ड जॉन्स्टनने १९१६ मध्ये काढलेली, थोड्याफार फरकाने अजून तीच. आणि व्ही अँड ए म्युझियम: कायमचा संग्रह फुकट, त्यामुळे पाऊस आला म्हणून आत शिरावं, एक पोशाख बघावा आणि बाहेर पडावं. तिकीट काढलं की माणूस वसुलीला लागतो, सगळं बघितल्याशिवाय निघत नाही.

सुदामानगरी

टेम्सकाठी, भित्रेपणा हा शब्द जरा जास्त झाला. जानेवारीत इथे सकाळी चार-पाच डिग्री आणि वर भुरभुर पाऊस, त्यात पोपटी काठ चिखलात ओढत नेणं माझ्याने होणार नाही. आणि दिसण्याचं म्हणाल तर ऑफिस, दुकान, लायब्ररी, सगळीकडे आत हीटर असतो, दारातच कोट काढून टांगतात. दिवसाचे आठ तास कोट खुंटीवर आणि माणूस आतल्या कपड्यात. खरे कपडे आतलेच.

म्युझियमचं मात्र शंभर टक्के. इथे पेती पाले म्युझियमचा कायमचा संग्रह फुकट आहे, मी तिथे नुसती बाकावर बसायला पण जाते.

रामबागकर

या वादावर महाराजांचंच उदाहरण. बुते द मोंव्हेल नावाच्या फ्रेंच चित्रकाराने त्यांची दोन मोठी चित्रं केली. एकात काळा पाश्चात्त्य पोशाख, बारीक शिडशिडीत तरुण. दुसऱ्यात तोच माणूस पांढऱ्या गादीवर, मराठेशाही पेहराव, डोक्याला होळकरी पगडी. दोन्हींत सारखाच ताठ. महाराणी संयोगिताराजेंचीही अशीच दोन रूपं रंगवलेली आहेत, एकीकडे पॅरिसचा गाऊन, एकीकडे साडी. मान रे या छायाचित्रकाराने दोघांचे फोटो काढले त्यातही ते नवराबायको हसताना, खेळताना दिसतात, राजेपणाचा दाब कुठे नाही. कोणी त्यांना विचारलं नसेल की बाबा तू नक्की कुठला.

दहीबडा

राजांना कोण विचारणार काका? विचारतात ते व्हिसावाल्यांना.

आणि एवढं सगळं होतं तर गेलं कुठे? १९८० मध्ये मोंते कार्लोला लिलाव करून माणिकबागेचं सामान विकलं, जगभरच्या श्रीमंतांनी उचललं. शिल्पकार ब्रांकुसीचे ‘अवकाशातले पक्षी’ तीन होते, त्यातले संगमरवरी दोन, एक पांढरा, एक काळा, त्याआधीच ऑस्ट्रेलियात कॅनबेराला जाऊन बसले. आपल्या हाती इमारत आणि पार्किंगचा प्रश्न. मग २०१९ मध्ये पॅरिसला त्याच वस्तू गोळा करून मोठं प्रदर्शन भरवलं आणि आपण टाळ्या वाजवायच्या.

टेम्सकाठी

मी ते प्रदर्शन बघायला मुद्दाम लंडनहून गेलो होतो, रिव्होली रस्त्यावरचं म्युझे दे झार देकोरातीफ. सप्टेंबर २०१९ ते जानेवारी २०२०. टाळ्या नाही वाजवल्या, पण खरं सांगू का, शाळेत असताना रोज माणिकबागेच्या रस्त्याने सायकल मारायचो आणि आत काय होतं हे मला पॅरिसच्या काचेच्या पेटीपाशी कळलं. शेजारी एक फ्रेंच बाई नवऱ्याला समजावत होती, इंदूर कुठे आहे ते. तिने बोटाने हवेत काढलेला नकाशा चुकीचा होता. मी बोललो नाही.

रामबागकर

बोलायला हवं होतंत.

दहीबडा, राग बरोबर आहे. पण माझा राग लिलावापेक्षा दुसऱ्या गोष्टीवर आहे. वस्तू गेल्या त्या गेल्या. संयोगिताराजे १९३७ मध्ये ऐन तारुण्यात गेल्या, त्यानंतर ब्रांकुसी स्वतः इंदुरात येऊन गेला, त्याच्या पक्ष्यांसाठी ध्यानमंदिर बांधायचं चाललं होतं, ते झालं नाही. हे इंदूरच्या किती मुलांना माहीत आहे? रंगपंचमीच्या गेरची, सराफ्यातल्या नि छप्पनमधल्या खाण्याची माहिती पाठ असते. स्वच्छतेचा नंबर पाठ असतो. हे नाही.

जिरावन

काका, सराफ्याला काही बोलायचं नाही. 😄

नर्मदे_हर

फॅशनवर या परत. कोल्हापुरीचं वाचलंत ना? २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानला पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीच आणली, नाव न घेता. इकडे ओरड झाली तेव्हा मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरीची. म्हणजे आपल्याकडचं तिकडे जाणं थांबलेलं नाहीच, फक्त आता आपण ओरडतो.

शिवणटीप

ओरडावंच. पण दुसरी बाजू पण आहे. मोठ्या फ्रेंच फॅशन घरांचं कितीतरी भरतकाम मुंबईत होतं. डिओरने मार्च २०२३ मध्ये गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, त्यात मुंबईच्या चाणक्य कारखान्याचं काम होतं आणि त्यांचं नाव उघड घेतलं. नाव घेतलं की कारागिराचा भाव वाढतो, हा धंद्याचा सरळ हिशेब आहे. महेश्वरचंही तेच. अहिल्याबाईंनी विणकर आणून वसवले, काठांवर किल्ल्यावरची नक्षी उतरली, चटई, लहर, हिरा. पण मधल्या काळात हातमाग जवळजवळ बसलेच होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी होळकर कुटुंबातल्या रिचर्ड आणि सॅली होळकरांनी रेहवा सोसायटी काढली, तेव्हा बायकांच्या हाताला परत काम मिळालं. मी स्वतः कापड घ्यायला महेश्वरला जाते, इथून नव्वदेक किलोमीटर. घाटावरच्या दुकानात भाव वेगळा, विणकराच्या घरी वेगळा, हे लक्षात ठेवा.

सुदामानगरी

किती छान चाललंय. मी अजून दोन सुखं टाकते.

मोंमार्त्रच्या पायथ्याशी, आँव्हेर स्टेशनपासून चालत, कापडाचा बाजार आहे, मार्शे सें-पिएर. मजल्यावर मजले ठाणांनी भरलेले. आसपासच्या दुकानांत तीन-तीन मीटरचे कटपीस विकतात, त्यात मोठ्या फॅशन घरांकडून उरलेलं कापडही येतं. पहिल्यांदा शिरले तेव्हा इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटचाच वास आला, खळीचा आणि धुळीचा. फरक एवढाच की इथे ठाण उलगडून दाखव म्हटलं तर दुकानदार कपाळाला आठी घालतो. गादीवर बसून चहा पीत कापड बघणं हे त्यांच्या नशिबात नाही.

दुसरं म्हणजे दुरुस्ती. नोव्हेंबर २०२३ पासून इथे कपडे-बूट दुरुस्त करून घेतले तर बिलातून ठरावीक रक्कम वजा होते. योजना सुरू झाली तेव्हा कामाप्रमाणे ६ ते २५ युरो. नोंदणी केलेल्या कारागिराकडेच जावं लागतं, पैसे तिथल्या तिथे कमी होतात, अर्ज-बिर्ज नाही. मी कोटाचं अस्तर बदलून घेतलं, बुटाचे तळ लावले. लोकांनी नवं घेऊन जुनं फेकू नये म्हणून योजना. आपल्याकडे रफूवाला हे फार आधीपासून विनाअनुदान करतोय.

सेल वर्षातून दोनदाच, जानेवारीत आणि जूनच्या शेवटी, तारखा सरकार ठरवतं, चार-चार आठवडे. पहिल्या दिवशी गर्दी, शेवटच्या आठवड्यात भाव पडलेला पण आपल्या मापाचं काही उरत नाही.

दहीबडा

सरकार सेलची तारीख ठरवतं? आणि आम्ही वर्षभर ‘स्टॉक खाली करना है’चे बोर्ड वाचून राहिलोय.

टेम्सकाठी

उन्हाळ्याचं कोणीच लिहिलं नाही. युरोपात बहुतेक घरांत एसी नसतो, भिंती थंडीसाठी बांधलेल्या. २५ जुलै २०१९ ला पॅरिसला ४२.६ डिग्री झालं होतं. अशा दिवशी सुती साडी किंवा धारकडच्या बाग गावच्या छपाईचा (बाग प्रिंट) सैल कुर्ता यापुढे सगळी फॅशन झक मारते. माझी आई लंडनच्या उन्हाळ्यात मलमलचा गाऊन, ओला पंचा आणि पडदे बंद, असा बंदोबस्त करते. शेजारचे गोरे विचारायला आले होते.

रामबागकर

हे फॅशनमध्ये धरायचं का?

टेम्सकाठी

काका, यालाच धरायचं.

सुदामानगरी

शिवणटीप ताई, ठरलं. विरलेली अंजिरी तेवढी कापायची, बाकीच्या तशाच राहतील. रामबागकर काकांना अर्धं समाधान. डिसेंबर-जानेवारीत इंदुरात येतेय, गराडूचा (तळून खायचा कंद) मोसम पण गाठता येईल. तुमच्याकडे किती दिवस लागतील? इथे एका दुकानात विचारलं होतं तर बाईंनी कापड बोटाने चाचपून सरळ नाही म्हटलं.

शिवणटीप

धावदोऱ्याचं काम हाताचं आहे, दोन आठवडे धरा. लग्नसराईत कामाला मुली मिळत नाहीत, तेव्हा विमानातून उतरल्यावर आधी माझ्याकडे, मग गराडू. तुम्हाला नीट बसणारा एखादा तिकडचा कोट घेऊन या, त्याच्या खांद्यावरून मी कागदी कटिंग काढते. जॅकेट त्या कोटाच्या आत जायचं असेल तर बाही अर्धा इंच अरुंद करावी लागेल, नाहीतर आत गोळा होते. साडी येण्याआधी धुऊ नका. घडी पण घालू नका, गुंडाळून आणा.

जिरावन

माझ्या बायकोकडे जुनी चंदेरी साडी आहे. तिचं पण होईल का असं?

शिवणटीप

भाऊ, चंदेरी त्याहून पातळ आणि पारदर्शक, जॅकेटचा भार तिला झेपणार नाही. ओढणी करा, नाहीतर कुर्त्याच्या वरचा थर. आणि आधी वहिनींना विचारा.